तो ‘जा’ म्हणाला नाय

“थांबा हां, विचारून सांगते.”

एवढं बोलून ती शिलाई मशीनवरचा पाय थांबवायची, चाकावर हात ठेवायची आणि वर कौलांकडे बघत बसायची. समोर गिऱ्हाईक उभं असो नाहीतर चुलीवर दूध उतू जात असो. मग मान हलवून सांगायची, “हां, गुरुवारी देते.” किंवा, “नाय ताई, हे मला जमायचं नाय.” आणि कधी कधी तर, “अजून काय बोलला नाय. उद्या या.”

आता तुम्हीच सांगा, ब्लाऊज शिवायला टाकलेल्या बाईने ‘अजून बोलला नाय’ ऐकलं तर तिने काय समजायचं? कोण बोलला नाही? घरात तर ही एकटी. नवरा तानसाच्या पाइपलाइनवर रखवालदार होता, तो वारलेला. मूलबाळ नाही. मग विचारते कुणाला?

मला पहिल्यांदा वाटलं, मोबाईल. कानात ती बारीक बोंडं घालून हल्ली पोरं एकटीच बोलत फिरतात, तसं काही असेल. मी एकदा जवळ जाऊन तिचे दोन्ही कान नीट बघून घेतले. कानात एवढ्याएवढ्या बाळ्या, दुसरं काही नाही. मग वाटलं, माळ्यावर कुणी पुरुषमाणूस असेल. हसू नका. बाई एकटी, तरणी नाही पण म्हातारीही नाही, आणि सारखी वर बघते. माळ्यावर मी सुपं काढायच्या निमित्ताने चढले. वर सुपं होती आणि उंदराच्या लेंड्या.

खोली माझी होती म्हणून मला चढता आलं. माझ्या घराला लागून एक पडवी होती, तीच मधे कूड घालून तिला दिलेली. कारवीच्या काठ्यांचा, शेणामातीने लिंपलेला कूड. पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळतं. मी सकाळी चहा घेऊन त्या कुडाला पाठ लावून बसायची. कान लावायची म्हणा हवं तर. घर माझं, कूड माझा, कान माझे.

असं बसल्यावर एकदाचं कळलं ती कुणाला विचारते ते. ती ख्रिस्ती. मूळची नगरकडची, आजोबांपासून ख्रिस्ती. आमच्याकडे लोक तिला ‘येशूवाली’ म्हणायचे. रविवारी शहापूरला कुणाच्या घरी प्रार्थना असायची, तिथे जायची. हे सगळं ठाऊक होतं हो. पण देवाशी कुणी असं बोलतं, हे ठाऊक नव्हतं. आम्ही देवाला नवस बोलतो, गाऱ्हाणं घालतो. त्यालाही रीत असते, नारळ असतो. ही मात्र भांडी घासता घासता बोलायची. “काल तू सांगितलंस म्हणून गेले, तर ती बाई घरीच नव्हती. आता परत पाठवणार का? बरं. पण चप्पल तुटलीय माझी, ते बघ जरा.” असलं. मधेच गप्प बसायची. मग “हूं... हूं...” करायची.

मी चहा संपला तरी बसून राहायची. त्या ‘हूं’च्या आधी मला कधीच काही ऐकू आलं नाही. कुडाला भोक पाडावं असंही एकदा मनात आलं.

म्हणून सांगते, माझा विश्वास नव्हता तिच्यावर. वाईट बाई नव्हती. हात स्वच्छ, शिवण पक्की. पण जी बाई प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारून करते आणि तो कुणी आपल्याला दिसत नाही, तिच्याशी कसं वागायचं? सुनेने नवऱ्याला विचारलं तर आपण नवऱ्याला धरू शकतो. इथे कुणाला धरणार?

एकदा भर पावसात शहापूरला निघाली. मी म्हटलं, “कुठं गो? बाजार तर उद्या हाय.” तर म्हणे, “जा म्हणाला.” गेली. संध्याकाळी चिंब होऊन परत आली. एसटी वाटेत बंद पडलेली, बाजार नव्हताच, पिशवी रिकामी. मला कशी उकळी फुटली सांगू! “काय गो, तुझ्या देवाला एसटीचा टाइम ठाव नाय वाटतं?”

ती पदर पिळत म्हणाली, “बसमधी एक पोरगी रडत होती मावशी. माहेरी निघालेली, घेतील का नाय म्हणून भ्यायलेली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.”

“म्हंजे तेवढ्यासाठी पाठवलं?”

“असंल. मी कुठं सगळं विचारते त्याला.”

बघा! दर वेळी असं काहीतरी सापडायचंच तिला. मी मनात म्हटलं, ही बाई लबाड तरी आहे नाहीतर भोळी तरी, आणि दोन्ही प्रकारची माणसं घरात ठेवायला अवघडच.

खरा घोळ झाला तो गावदेवीच्या चोळीवरून.

आमची गावदेवी म्हणजे नळापाशी, पिंपळाखाली, चार खांबांवर पत्रा टाकलेलं देऊळ. देवी शेंदराची. मूळचा पाषाण केवढा, ते माझ्या आजेसासूनेही पाहिलेलं नव्हतं. दर चैत्रात जत्रेला तिला तेलात कालवलेला शेंदूर चढवायचा, वर्षावर वर्षं. तिला चांदीचे डोळे. शेंदूर चढवायच्या आधी गुरव ते अलगद काढतो, तांदळाच्या सुपात ठेवतो, आणि लेप झाला की मेणाने परत बसवतो. डोळे बसले की जत्रा सुरू. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, चढलेल्या शेंदराला नख लावायचं नाही. कधीतरी फार जाड झाला की देवी आपण होऊन खोळ टाकते, तीच तिची मर्जी. माणसाने खरवडलं तर गावावर संकट.

देवीची चोळी शिवायचा मान गावातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याचा. तो त्या साली खाटेला खिळला. मग जत्रेआधी गुरवाची बायको खण घेऊन हिच्याकडे आली. आम्ही गुरवीणच म्हणतो तिला. मी तिथेच बसले होते तांदूळ निवडत.

“एवढी चोळी शिवून दे गो. वीतभर तर काम.”

ही थांबली. चाकावर हात. वर नजर. म्हणाली, “उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी खण घडी घालून, वर स्वच्छ रुमाल ठेवून, हिने परत केला. “वहिनी, राग धरू नका. तुमी नेसून देवळात जाल ती साडी मी आवडीनं पिको करते. पण ही चोळी माझ्या हातून नाय व्हायची.”

गुरवीण पाय आपटत गेली. मी तर चिडलेच. “अगो, तुझा देव काय मापं घेत बसलाय का? कोण बघतंय?”

“त्यालाच विचारलं ना मावशी. विचारायचं आणि मग ऐकायचं नाय, हे बरं दिसतं का? तुमच्या देवीचा मला राग नाय. पण मी एका घरची हाय.”

दोन घरचा पाहुणा उपाशी, हे मलाही ठाऊक आहे. पण काही वेळा माणसाने दोन्ही घरी दोन घास खाऊन वेळ भागवायची असते. तिला ते जमायचं नाही.

त्याच साली शेंदराच्या मानावरून दोन भावकींत जुंपली. थोरली भावकी म्हणे, शेंदूर आम्ही चढवणार. धाकटी म्हणे, आम्ही. शेवटी तोड निघाली, की जत्रेच्या आदल्या संध्याकाळी थोरल्यांनी चढवायचा आणि जत्रेच्या पहाटे धाकट्यांनी. गुरवाचे डोळे मोतीबिंदूने गेलेले, तो बिचारा हो म्हणाला आणि देवीचे डोळे काढायचंही त्यांच्यावरच सोडलं.

झालं तसं. संध्याकाळी थोरल्यांनी वाजतगाजत चढवला. पहाटे धाकट्यांनी त्यांच्याहून जाड चढवला. देवी नुसती लालेलाल, तेल ओघळतंय. आणि मग गुरव सूप पुढे करून म्हणाला, “आना, डोळे आना.”

थोरल्यांनी धाकट्यांकडे बघितलं. धाकट्यांनी थोरल्यांकडे.

“तुमी काढलंत ना?”

“आमी कशाला? तुमी काढलंत ना?”

सुपात नुसते तांदूळ. तुम्हाला वाटेल, तिथल्या तिथे उलगडा व्हायला हवा होता. पण जो म्हणेल की ‘आम्ही काढायला विसरलो’, त्याचा मान कायमचा गेला. थोरल्या भावकीचे आबा छातीवर हात ठेवून म्हणाले, “आमी चढवला तवा डोळे नव्हतेच.” धाकट्या भावकीचे तात्या म्हणाले, “मग आमाला कुठनं दिसणार?” लेपाखाली असतील, हे कुणाच्या मनात आलं नसेल? आलं असेल. माझा तर पक्का संशय आहे की निदान एकाच्या मनात आलंच. पण नख कोण लावणार? आणि भावकी-भावकीत चोरीचा आळ घेतला असता तर जत्रेतच डोकी फुटली असती.

मग कुणीतरी म्हणालं, “त्या येशूवालीनं चोळीला नाय म्हटलं ना?”

काय सांगू, अख्ख्या देवळात कशी थंड झुळूक आल्यासारखं झालं. दोन्ही भावक्यांचे खांदे खाली आले. तिच्यावर घेतलं की कुणाचंच डोकं फुटत नव्हतं. मग एकेकाला आठवायला लागलं. ती पहाटे नळावर असते. कळशी भरताना देवीकडे बघते. वर बघते. कुणाशी तरी बोलते.

बैठक बसली. मीही गेले, कारण खोली माझी. तिला मधे उभी केली. आबा म्हणाले, “हे बघ बाई, आमाला तुझ्याशी वैर नाय. देवीच्या पायरीवर हात ठेव, ‘मी घेतले नायत’ म्हन, देवीची आन घे. सुटलीस.”

एवढं सोपं होतं. मी तिच्याकडे बघून मान हलवत होते, घे गो घे म्हणून.

ती म्हणाली, “मी घेतले नायत.”

“तसं नाय. पायरीवर हात ठेवून.”

“हात ठेवला काय, नाय ठेवला काय, घेतले नायत ते नायतच. आमच्यात आण घेत नाय आबा. माझं नुसतं बोलणं खोटं वाटतं, तर आण घेतल्यावर ते कसं खरं होईल?”

“मग तुझ्या येशूची घे!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

तिचा चेहरा असा झाला, की सांगता येत नाही. मला वाटलं, आता वर बघेल आणि ‘विचारून सांगते’ म्हणेल. पण तिने वर बघितलं नाही. समोर बघूनच म्हणाली, “त्याची तर नायच.”

ठरलं. आण घेईपर्यंत तिच्याकडे कुणी कापड टाकायचं नाही. नळावर सगळ्यांचं झाल्याखेरीज तिने यायचं नाही. आणि तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, “वयनी, खोली मोकळी करून घ्या.”

आता इथे तुम्ही म्हणाल, या म्हातारीने बाणेदार उत्तर दिलं असेल. छे. मला काहीच कळत नव्हतं. ती चोर नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नव्हते. चोर असती तर आण घेऊन मोकळी झाली असती, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, लबाड असेल तर हेच करील. आणि ती गेली तर मला कधीच कळणार नाही, ही रुखरुख वेगळीच. मी तात्यांना म्हटलं, “चोर डोळ्यासमोर बरा. आज हाकलली तर डोळे घेऊन जाईल ना? राहू दे माज्या कुडापलीकडं. मी नजर ठेवते.”

सगळ्यांना पटलं. माझ्या संशयावर गावाचा विश्वास होता.

मग मी नजर ठेवली. मशीन बंद पडलं तिचं. आधी दिवसभर खडखड ऐकून माझं डोकं उठायचं, आता शांततेने उठायला लागलं. दोन-चार दिवसांनी बघते तर स्वतःचाच ब्लाऊज उसवून बसलेली. उसवला, परत शिवला. “हे काय गो?” तर म्हणे, “मशीनला गंज चढेल मावशी.” मग चिंध्या जोडून गोधडी करायला घेतली. खाण्यापिण्याचं रविवारी शहापूरहून प्रार्थनेतल्या बायका काहीतरी बांधून द्यायच्या. मीही पेज द्यायची, कुडावर टकटक करून. चोराला उपाशी ठेवायचं, असं कुणी ठरवलेलं नव्हतं.

नळावर भर दुपारी जायची. बायका दारातून ऐकवायच्या. “डोळे विकले काय गो?” “शहापूरच्या सोनाराकडं का मुरबाडच्या?” एकीने तर तिच्या कळशीत शेण टाकलं. तिने कळशी घासली, परत रांगेच्या शेवटी उभी राहिली. रांग नव्हतीच, तरी शेवटी.

आणि सकाळी कुडापलीकडे जे चालायचं ते मी ऐकत होते. मला वाटायचं, ख्रिस्ती लोक देवाशी फार मऊ बोलत असतील. कसलं काय! रडायची, चिडायची. “तू बघितलंस ना कुणी घेतले ते? मग बोल की! मला नाय तर त्यांना सांग. त्यांच्या स्वप्नात जा. मी कुठवर ऐकून घेऊ?” मग बराच वेळ काही नाही. मग हळूच, “बरं. तुला ठावं हाय ना मी घेतले नायत? मग झालं. आजच्यापुरतं झालं.” आणि चूल पेटवायची.

तेवढ्या ‘आजच्यापुरतं’वर तो दिवस जायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच भांडण.

मी एकदा सरळ विचारलं. “जा की गो हितनं. नगरला भाऊ हाय तुझा. कशाला सोसतेस?”

“तो ‘जा’ म्हणाला नाय.”

“आणि नाय म्हणाला तर?”

“तर हितंच.”

“आणि तो बोलतच नसंल तर? सगळं तुझ्याच मनातलं असंल तर?”

मला वाटलं, भडकेल. ती गोधडीचा टाका तोडत म्हणाली, “मला बी वाटतं कधी कधी तसं. पण माझ्या मनातलं असतं ना मावशी, तर मी कवाच नगरला गेले असते.”

मी आत येऊन उगाच डबे खालीवर केले.

पावसाळा तसाच गेला. तिची गोधडी पुरी झाली. ऑक्टोबरचं ऊन पडलं, ते तुम्हाला ठाऊकच असेल, डोक्यात जाळ धरल्यासारखं. नवरात्राच्या आधी मी आणि गुरवीण देऊळ झाडायला गेलो. पावसात पत्रा गळलेला, देवीच्या मागून पाणी उतरलेलं, आणि आता वर हे ऊन. बघतो तर देवीने खोळ टाकलेली. तोंडावरचा जाड पापुद्रा सुटून खाली पायरीवर उताणा पडलेला, एखाद्या परातीसारखा. आणि आतल्या अंगाला, शेंदरात रुतलेले दोन चांदीचे डोळे. पाठ आमच्याकडे करून.

गुरवीण खालीच बसली. “अगो माय... अगो माय...” एवढंच.

देवीचं तोंड नवं, लहान मुलीसारखं झालेलं. मी तिच्याकडे बघितलं, खोळीकडे बघितलं, आणि झाडू टाकून धावले. या वयात मी धावले! धापा टाकत पडवीच्या दारात गेले आणि म्हटलं, “मिळाले! खोळीत होते! थोरल्यांच्या लेपाखाली, धाकट्यांच्या लेपाखाली!”

ती सुईत दोरा ओवत होती. दोरा ओवला. गाठ मारली. मग मशीनच्या पाट्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडला. आणि रडता रडता वर बघून म्हणते कशी, “एवढा वेळ? एवढा वेळ लावलास?”

गावात दुपारपर्यंत सगळीकडे झालं. मोबाईलवर खोळीचा फोटोसुद्धा फिरला. पण बैठक काही बसली नाही. आळ घ्यायला बैठक बसते, आळ काढायला बसलेली मी तरी बघितली नाही. आबा म्हणाले, “देवीची मर्जी.” तात्या म्हणाले, “देवीची लीला.” सगळं देवीवर ढकलून मोकळे. तिच्या कळशीत शेण टाकलेलं, ते काय देवीने टाकलेलं?

दोन दिवसांनी आबा स्वतः आमच्या अंगणात. हातात सदरा. माझ्याकडे न बघता पडवीच्या दाराशी गेले. “हे... बटन तुटलंय.”

तिने सदरा घेतला, उलटासुलटा केला. म्हणाली, “आबा, तुटलं नाय. ब्लेडनं कापलंय.”

आबा जमिनीकडे बघत राहिले. एवढा मोठा माणूस, गावाला दम देणारा. म्हणाले, “हां... तसंच झालं.”

“बसा. लावून देते.”

ते ओट्यावर बसले. तिने बटण लावलं, दोरा दातांनी तोडला, सदरा घडी करून दिला. आबा उठले, दोन पावलं गेले, परत वळले आणि म्हणाले, “घट हाय ना?”

“घट हाय आबा.”

मग काय, रांगच लागली. तात्यांच्या कोटाचा खिसा, कुणाच्या पँटची चेन, आणि ज्या बाईने शेण टाकलं होतं तिचे तर चार ब्लाऊज. सगळं धडधाकट कापड, मुद्दाम उसवलेलं. मी ओट्यावर बसून एकेकाचं तोंड बघत होते. हिने एकालाही परत पाठवलं नाही. मला मात्र राहवलं नाही. रात्रीची भाकरी तिच्याकडे नेली तेव्हा म्हटलं, “खरं सांग, राग नाय तुला?”

“हाय की. लई हाय. रोज सकाळी त्याच्या हातात देते, सांजच्याला परत माझ्यापाशी असतो.”

ते ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. माणूस वाटली.

दिवाळी झाली. तिच्या दारात कपड्यांचा ढीग. गुरवीण तिच्याकडे चकल्या घेऊन यायची. आता सगळं सुरळीत, असं मी म्हणते न म्हणते तोच एका सकाळी तिने माझ्यापुढे पडवीची किल्ली ठेवली.

“मावशी, मी निघते.”

मुरबाडकडच्या वैशाखरे गावाच्या पुढे, घाटाच्या अंगाला एका पाड्यावर, त्यांच्या प्रार्थनेतली एक म्हातारी होती. अर्धांगाने पडलेली. करायला कुणी नाही. “जा म्हणाला,” असं ही म्हणते.

माझं डोकंच फिरलं. “गावानं हाकललं तवा चिकटून बसलीस, आणि आता गाव हात जोडतंय तर चाललीस? हा कसला गो तुझा देव? उलट्या काळजाचा?”

“तवा ‘थांब’ म्हणाला. आता ‘जा’ म्हणतो. मी काय करू?”

“मला विचार की! घरमालकीण मी हाय!”

ती हसली. हसता हसता माझे दोन्ही हात धरले. तिच्या बोटांना सुईने टोचून टोचून घट्टे पडलेले होते, ते मला पहिल्यांदा लागले. म्हणाली, “तुमी कुडाला पाठ लावून बसायच्या ना, मला ठावं होतं. एकटं नाय वाटायचं.”

टेम्पो आला. मशीन चढवलं. ती दार उघडं टाकून, मशीनच्या शेजारीच, मागे बसली आणि गेली.

मला मात्र चैन पडेना. म्हातारी, अर्धांग, पाडा, हे सगळं खरं कशावरून? राग होता म्हणून निघून गेली असेल आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून देवाचं नाव सांगितलं असेल. नगरलाच गेली असेल भावाकडे. कुणी सांगावं? थंडी सरता सरता मी एक दिवस उठले, शहापूरहून मुरबाडची एसटी धरली, मुरबाडहून वैशाखऱ्याची. घरी सुनेला सांगितलं, मुरबाडला दाताच्या डॉक्टरकडे जाते.

फाट्यावर उतरून विचारत विचारत पाड्यापर्यंत गेले. उंबराच्या झाडाआडून बघितलं. कुडाचं घर, अंगणात खाट. खाटेवर काटकुळी म्हातारी, आणि ही तिच्या मागे बसून तिचे पांढरे केस विंचरत होती. म्हातारीची मान एका बाजूला कलायची, ही हाताने सरळ करायची आणि परत फणी फिरवायची. तोंडाने काहीतरी बोलत होती. म्हातारीशी का वर, ते तेवढ्या लांबून कळलं नाही. मशीन ओसरीवर होतं, झाकण घातलेलं.

मी हाक मारली नाही. खात्री करायला गेले होते, झाली.

फाट्यावर परत येऊन एसटीची वाट बघत बसले. शेजारी एक बाई करवंदीच्या काटक्यांची मोळी टेकवून बसली होती. मला निरखून म्हणाली, “कोणाकडं आलेलीस गो आये? हितली नाय वाटत तू.”

मी म्हटलं, “आमच्या गावची एक बाय हाय त्या पाड्याव. तिला बघाया आलेले.”